औषध-असात्म्यता आणि संगणकीय ज्ञानप्रारूप : बिबव्यापासून पेनिसिलिनपर्यंत

पिंपळे सौदागरहून पवना नदीचा पूल ओलांडला की पिंपरी लागते. याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिली औषधनिर्माण संस्था स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. न्यूमोनिया, विषमय जखमा, सूतिकारोग यांतून असंख्य प्राण वाचविणारे हे औषध काही थोड्या रुग्णांत मात्र सुई बाहेर येते न येते तोच जिवावर बेतते, हेही वैद्यकविश्वास तोपर्यंत कळून चुकले होते. ‘रिअ‍ॅक्शन’ हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांतील माणसाच्या तोंडी बसला तो बऱ्याच अंशी पेनिसिलिनच्या इंजेक्शनमुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळचे पिंपळे सौदागर म्हणजे पवनेकाठचे शेतकऱ्यांचे गाव. आज तेथे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी, देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. अशा वस्तीत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास एक गोष्ट पदोपदी जाणवते. रुग्णाचा पूर्वेतिहास कोणा एका ठिकाणी नसतो. बालपणीची नोंद लातूरला किंवा लखनौला, पहिल्या नोकरीतील उपचारांची चिठ्ठी बंगळुरूला, कारखान्याच्या दवाखान्यातील कार्ड चाकणला आणि गेल्या महिन्याची फाइल जवळच्या रुग्णालयात. ‘‘मला एका गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या’’ एवढे रुग्ण सांगतो. गोळी कोणती, ते त्याला आठवत नाही. पूर्वीचा कुलवैद्य तीन पिढ्यांचे सात्म्य-असात्म्य ध्यानात ठेवून असे. त्याच्या स्मरणशक्तीची जागा आज कशाने भरून काढावयाची, हा केवळ सोयीचा नव्हे, तर रुग्णाच्या जीविताचा प्रश्न आहे.

संगणकात रुग्णाची अ‍ॅलर्जी ‘नोंदवून’ ठेवणे हे त्याचे अर्धेच उत्तर होय. रुग्णास जे बाधले त्याचे नाव आणि आपण जे देणार त्याचे नाव ही दोन्ही बहुधा निरनिराळी असतात. त्या दोहोंमधील नाते ज्याला ठाऊक आहे तोच अपघात टाळू शकतो. हे नाते संगणकास शिकविण्याच्या पद्धतीस ज्ञानप्रारूप म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत त्यासाठी ‘ऑन्टॉलॉजी’ हा शब्द येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या विद्येची सामग्री आपल्या शास्त्रात विपुल असून ती संगणकाच्या स्वाधीन करण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

नावाआड दडलेले द्रव्य

आपल्या नित्य परिचयाची संजीवनी वटी घेऊ. नाव संजीवनी, रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत आश्वासक. तिच्या घटकांत विडंग, शुंठी, पिप्पली, त्रिफळा, वचा, गुडूची यांच्यासह शुद्ध भल्लातक आणि शुद्ध वत्सनाभ आहेत, हे आपण जाणतो. परंतु ज्याला लहानपणी बिबवा उतला होता तो रुग्ण हे जाणत नाही आणि औषधालयाच्या काउंटरवरील मदतनीसही बहुधा जाणत नाही. रुग्ण म्हणतो, ‘‘मला बिबव्याचा त्रास होतो.’’ चिठ्ठीवर असते ‘संजीवनी’. हे दोन शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. केवळ शब्द जुळवून पाहणारा संगणक येथे निमूट बिल छापील.

आधुनिक औषधांतही नेमके हेच घडते. पेनिसिलिन सोसत नाही असे सांगणाऱ्या रुग्णास ‘ऑगमेंटिन’ दिले जाते, तेव्हा त्या नावात पेनिसिलिनचा मागमूस नसतो. आत मात्र त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन असते. ‘सेप्ट्रान’ या नावावरून त्यात सल्फा गटाचे सल्फामेथॉक्साझोल आहे हे कळत नाही. व्यापारी नावांचा आपल्या देशातील सुळसुळाट लक्षात घेता ही सर्व नावे कोणा एका वैद्याने पाठ करावीत, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे.

या बाबतीत आपले निघंटुकार अधिक सावध होते असे वाटते. भल्लातकाचे पर्याय पाहा : अरुष्कर म्हणजे व्रण उत्पन्न करणारा, शोफकृत् म्हणजे सूज आणणारा, शिवाय अग्निक आणि अग्निमुखी. उपद्रवाची सूचना त्यांनी द्रव्याच्या नावातच कोरून ठेवली. मराठीतही बिबवा ‘लागतो’ वा ‘बाधतो’ असे न म्हणता ‘उततो’ असे म्हणतात. दूध उतू जावे तशी त्वचा फुगून पाझरू लागते, याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या परकीय सैनिकांच्या मानेवर व मनगटावर चमत्कारिक पुरळ येऊ लागले. धोबी कपड्यांवर खुणेसाठी बिबव्याची शाई वापरीत, ते त्याचे कारण निघाले आणि १९४३ साली अमेरिकन डॉक्टरांनी ‘धोबी-खुणेचा त्वक्‌शोथ’ या नावाने ते वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. आपल्या परटांना आणि आजीबाईंना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

बिबव्याची गोष्ट येथे संपत नाही. बिबवा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील, म्हणजे अ‍ॅनाकार्डिएसीतील. काजूच्या टरफलातील तेलात, आंब्याच्या चिकात आणि बिबव्याच्या रसात एकमेकांशी साधर्म्य असलेली फिनॉल वर्गातील दाहक द्रव्ये असतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे काजू फोडणाऱ्या कामगारांचे हात सोलवटतात ते या तेलानेच. समजा, अशा कारखान्यात काही वर्षे काम करून आलेली एखादी स्त्री पिंपळे सौदागरला मुलाकडे राहावयास आली आणि अजीर्ण-ज्वरासाठी तिला संजीवनी देण्याचा प्रसंग आला. तिने बिबवा आयुष्यात पाहिलेलाही नसेल. ‘बिबव्याचा त्रास आहे का?’ या प्रश्नास ती प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देईल. काजूच्या टरफलापासून संजीवनी वटीपर्यंत पोहोचण्यास मधल्या तीन-चार पायऱ्या कोणीतरी चढाव्या लागतात. ज्ञानप्रारूप त्या चढते.

ज्ञानप्रारूप म्हणजे काय?

संगणकशास्त्राच्या परिभाषेत न शिरता सांगावयाचे तर ज्ञानप्रारूप हा एक असा निघंटु आहे की, ज्यात द्रव्यांसोबत त्यांच्यामधील संबंधही स्पष्ट नोंदविलेले असतात. संजीवनी वटी ‘घटक आहे’ भल्लातक; भल्लातक ‘कुळातील आहे’ अ‍ॅनाकार्डिएसी; काजू ‘कुळातील आहे’ अ‍ॅनाकार्डिएसी; काजूचे टरफल ‘धारण करते’ अमुक दाहक द्रव्य. अशी एकेक साधी विधाने एकदा भरून ठेवली की, त्यांची सांगड घालून जे विधान कोणीही लिहिलेले नाही ते संगणक स्वतः काढतो : ज्याला काजूच्या टरफलाने त्वक्‌विकार झाला त्याला संजीवनी देताना विचार करा. साध्या यादीत प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे लिहावी लागते आणि जी लिहावयाची राहिली ती निसटते. प्रारूपात मात्र नवे औषध आले की त्याचे घटक तेवढे सांगावयाचे. पुढील नाती आधीच तयार असतात.

चरकाचार्यांचे पन्नास महाकषाय, प्रत्येकात दहा द्रव्ये, किंवा भावप्रकाशातील वर्ग ही याच प्रकारची मांडणी नव्हे काय? एकच द्रव्य अनेक गणांत येते, गणावरून कर्म कळते, कर्मावरून निषेध कळतो. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत देश, काल, अग्नि, मात्रा, सात्म्य, संस्कार हे निकष आहेत. हे निकष संगणकाच्या भाषेत ‘अटी’ म्हणून जसेच्या तसे मांडता येतात. येथे एक इशारा द्यावयास हवा. विरुद्ध, असात्म्य आणि आधुनिक अर्थाची अ‍ॅलर्जी या तीन संकल्पना एकरूप नाहीत. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. त्यामागे शरीराच्या संरक्षणयंत्रणेची बदललेली प्रतिक्रिया, ही कल्पना आहे. शीतपित्त-उदर्द-कोठाची लक्षणे तिच्याशी जुळली म्हणून सर्वच असात्म्य तिच्या पोटात घालणे शास्त्रास धरून होणार नाही. प्रारूपात या तिन्हींना तीन स्वतंत्र घरे द्यावीत.

हे सारे कल्पनेतील नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात ‘मायसिन’ नावाची प्रणाली तयार झाली. ती रुग्णाची माहिती विचारून जंतूंचा अंदाज बांधी आणि प्रतिजैविक सुचविताना रुग्णाची अ‍ॅलर्जी विचारात घेई. प्रत्यक्ष रुग्णसेवेत ती कधी उतरली नाही. पण पुढील कामाचा पाया तिने घातला. याहून बोलका पुरावा यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील एलडीएस रुग्णालयाचा आहे. तेथील बारा खाटांच्या अतिदक्षता कक्षात प्रतिजैविके निवडण्यासाठी संगणकाचे साहाय्य घेतले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या दोन वर्षांतील १,१३६ रुग्णांमध्ये, ज्याची अ‍ॅलर्जी रुग्णाने सांगितली होती तेच औषध लिहिले जाण्याचे १४६ प्रसंग घडले होते. प्रणाली वापरली त्या वर्षातील ५४५ रुग्णांत ते ३५ वर आले. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे सुमारे तेरा होते ते सहाच्या आसपास. उत्तम रुग्णालयात, सावध डॉक्टरांच्या हातून, रुग्णाने स्वतः सांगितलेली गोष्ट शंभरात तेरा वेळा दृष्टीआड होत होती, ही या आकड्यांतील खरी विचार करावयास लावणारी बाब आहे.

गाजरगवत, कोष्ठ आणि रास्नेचा घोळ

आपल्या परिसराचा या विषयाशी आणखी एक दुर्दैवी संबंध आहे. गाजरगवत, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस, या परदेशी तणाची भारतातील नोंद १९५६ साली झाली ती पुण्यातून. त्यापासून होणारा त्वक्‌विकार १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्याच रुग्णांवरून जगापुढे आला. चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी अशा उघड्या जागी खाज, जाड झालेली काळवंडलेली त्वचा, पावसाळ्यात वाढ. पवनाकाठच्या मोकळ्या भूखंडांवर हे तण आजही माजते आणि असे रुग्ण आपल्याकडे ‘जुने विचर्चिका’ म्हणून येतात.

गाजरगवतातील दोषी द्रव्य पार्थेनिन हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या वर्गातील आहे. त्याच सूर्यफुलाच्या कुळात, अ‍ॅस्टरेसीत, आपली भृंगराज, अक्कलकरा, शेवंती आणि कोष्ठ अर्थात उपलेट ही द्रव्ये मोडतात. यांपैकी कोष्ठाच्या मुळातील कॉस्ट्युनोलाइड व त्याचा सोबती हे त्याच लॅक्टोन वर्गातील असून त्वचेवर अ‍ॅलर्जी उत्पन्न करणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. कोष्ठ अनेक त्वग्रोगहर तेलांत व लेपांत असते. म्हणजे गाजरगवताने पोळलेल्या त्वचेवर, ती बरी व्हावी म्हणून, आपण त्याच जातीचे द्रव्य चोळण्याचा संभव आहे. प्रत्येक रुग्णास बाधा होईलच असे नाही. एकाच कुळातील म्हणून सर्व द्रव्ये समान घातक मानणे चूक ठरेल. परंतु असे तेल प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी, एवढी सूचना संगणकाने दिली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

आता रास्ना पाहू. उत्तरेकडे रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, तीही अ‍ॅस्टरेसी कुळातील. केरळात रास्ना म्हणजे अल्पिनिया गलंगा, आल्याच्या कुळातील. ‘महारास्नादि’ या एका नावाखाली दोन प्रांतांतल्या औषधशाळांतून वेगळी वनस्पती येऊ शकते. गाजरगवताच्या रुग्णास यातील एक विचार करून द्यावयाची, दुसरीला ती शंका लागू नाही. यास्तव प्रारूपात ‘रास्ना’ हा शब्द हे केवळ नाव राहावे आणि खरी नोंद वनस्पतीच्या जातीची व्हावी. औषध व प्रसाधन नियमावलीतील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर वनस्पतिज घटकांची शास्त्रीय नावे देणे बंधनकारक आहे. त्या बारीक अक्षरांकडे आपण फारसे पाहत नाही. संगणक पाहू शकेल.

अंग आणि संस्कार यांचीही नोंद तितकीच महत्त्वाची. ‘काजूची अ‍ॅलर्जी’ म्हणजे दोन अगदी भिन्न विकार होत. टरफलाच्या तेलाने होणारा विकार एक-दोन दिवसांनी त्वचेवर उमटतो. गर खाऊन होणारा विकार गरातील प्रथिनांमुळे काही मिनिटांत ओठ सुजवितो, श्वास कोंडतो आणि प्रसंगी जिवावर येतो. त्यात पिस्त्यापासून जपावे लागते. प्रारूपाने रुग्णास ‘काय?’ एवढे विचारून थांबू नये. ‘कोणता भाग, आणि किती वेळाने?’ हेही विचारावे. तिळाची अ‍ॅलर्जी हा असाच एक दुर्लक्षित विषय. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने तिळाचा समावेश प्रमुख अन्न-अ‍ॅलर्जींत केला आणि २०२३ पासून वेष्टनावर तसा उल्लेख सक्तीचा झाला. परदेशांतून सुटीसाठी येणारी मराठी कुटुंबे हा इतिहास घेऊन येतात. आपली तर निम्मी तैले तिळाच्या तेलावर सिद्ध होतात आणि घाण्याच्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो. अभ्यंग आणि बस्तीपूर्वी हा प्रश्न विचारणारे किती जण आहेत?

खोटी भीती

इतका वेळ चुकलेल्या धोक्यांविषयी लिहिले. न असलेला धोका दाखविणे हेही तितकेच हानिकारक. सर्वांत प्रचलित उदाहरण गंधकाचे. ‘मला सल्फरची अ‍ॅलर्जी आहे’ असे रुग्ण सांगतो आणि त्वग्रोगातील त्याचे गंधक रसायन बंद होते. वस्तुतः त्याला बाधलेले असते ते सल्फा गटातील, म्हणजे सल्फोनामाइड रचनेचे औषध. ती प्रतिक्रिया त्या रेणूच्या विशिष्ट रचनेमुळे येते, गंधक या मूलद्रव्यामुळे नव्हे. गंधक तर आपल्या शरीरातील प्रथिनांतही आहे. सल्फा, सल्फेट, सल्फाइट आणि गंधक यांना एकाच खणात कोंबणारी यादी वैद्याची दिशाभूल करील. प्रारूपात हे चार वेगळे नोंदले की ही चूक होत नाही. शंखभस्माचेही तसेच. कोळंबी-खेकड्याने अंगावर पित्त उठणाऱ्यास शंख-शुक्ती चालेल का, असा प्रश्न येतो. त्या अ‍ॅलर्जीचे कारण प्राण्याच्या मांसातील प्रथिन असते आणि अग्निसंस्काराने भस्म झाल्यावर प्रथिन उरत नाही. म्हणजे ‘संस्कार’ ही आपली संकल्पना प्रारूपात भरली तर संगणक विनाकारण ओरडणार नाही. भल्लातकाचे शोधन मात्र या कोटीतले नाही. विटेच्या चुऱ्यात घोळून तेल कमी होते, नाहीसे होत नाही. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भल्लातक आहे ते उगाच नव्हे.

पेनिसिलिनबाबतही आज चित्र बदलले आहे. अमेरिकेत सुमारे दहा टक्के रुग्ण आपणास पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगतात. त्यांची रीतसर तपासणी केली असता दहापैकी नऊजणांना ती नसते. कोणाला केवळ जुलाब झालेले असतात, कोणाला तापातील पुरळ आलेले असते, कोणाची खरी अ‍ॅलर्जीही वर्षानुवर्षांनी ओसरलेली असते. सेफॅलोस्पोरिन देताना दहा टक्के धोका धरावा, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत असे. तो आकडा आता अवाजवी ठरला असून दोन औषधांच्या पार्श्वशृंखला किती सारख्या आहेत यावर बाधा अवलंबून असते असे दिसते. ज्ञान बदलते, म्हणून प्रारूपही बदलत राहिले पाहिजे. दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेले सॉफ्टवेअर दहा वर्षांपूर्वीचेच सांगत बसेल. (अर्थात, हा तपास आपल्या दवाखान्यात करून पाहण्याचा नव्हे, तो रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा.)

आणि इशाऱ्यांचा अतिरेक झाला तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. बॉस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयातील २००४ च्या अभ्यासात संगणकाने दिलेल्या अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी बाजूला सारल्याचे आढळले. बहुतेक वेळा त्यांचे बरोबरच होते. परंतु सतत ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्याचे पुढे काय होते ते आपण जाणतो. म्हणून श्वासावरोध व मूर्च्छेसारख्या गंभीर पूर्वेतिहासास लाल सूचना, त्वक्‌शोथास पिवळी, नुसत्या कुलसाम्यास एक ओळीची टीप, असा भेद हवा.

राष्ट्रीय व्यवस्थेत आपली औषधे

पुणे येथील सी-डॅक ही संस्था १९८८ पासून कार्यरत आहे. तिने ‘आयुसॉफ्ट’ ही ग्रंथाधारित निर्णयसाहाय्य प्रणाली तयार केली आणि प्रकृतिपरीक्षणाची संगणकीय पद्धत अनेक वैद्यांपर्यंत पोहोचविली, हे वाचकांस विदित आहेच. याच संस्थेत आज देशाचे आरोग्यनोंद-मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. २०१४ साली भारत ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेच्या संघटनेचा सदस्य झाला आणि त्या परिभाषेवर बेतलेली देशातील औषधांची सामाईक सांकेतिक सूची पुण्याच्या याच केंद्रातून प्रसिद्ध होते. तिच्यामुळे एखादे व्यापारी नाव आणि त्यातील मूळ औषध यांची सांगड संगणकास कळते. म्हणजे ऑगमेंटिनचा प्रश्न सुटण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

संजीवनीचे काय? आयुष मंत्रालयाचे २०१७ चे ‘नमस्ते’ संकेतस्थळ आणि १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे खुला झालेला आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग, ही दोन्ही कामे अभिमानास्पद आहेत. पण ती रोगनामांची आहेत. औषधघटकांचे काम त्यांच्या कक्षेत येत नाही. परिणामी मोठ्या रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने ‘आयुर्वेदिक गोळ्या चालू आहेत’ असे सांगितले, तर संगणकाच्या लेखी तो कोरा कागद असतो. त्या रुग्णास पुरळ आले तर दोष आपल्या गोळीवर जाणार. गोळीचा संबंध असो वा नसो, आपल्याजवळ बोलावयास पुरावा नसणार. माझ्या मते आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेस खरा धोका आहे तो येथे.

सामग्री नाही असे मुळीच नाही. ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’च्या १९७८ च्या पहिल्या भागात ४४४ व २००० च्या दुसऱ्या भागात १९१ कल्प घटक-प्रमाणांसह छापलेले आहेत. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करविल्यानंतर, २००१ पासून सीएसआयआर आणि तत्कालीन भारतीय वैद्यक विभागाने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास घेतले आणि ग्रंथोक्त योग पेटंट-परीक्षकांस वाचता येतील अशा रूपात आणले. पेटंटचोरांपासून योग वाचविण्यासाठी जे श्रम आपण घेतले, त्याचा काही अंश त्याच योगांपासून रुग्ण वाचविण्यासाठी घ्यावयास काय हरकत आहे?

दवाखान्यात आणि औषधालयात

महागडी प्रणाली विकत घेण्याची आवश्यकता नाही. स्टॅनफर्डचे ‘प्रोटेजे’ हे प्रारूप रचण्याचे साधन विनामूल्य मिळते, ज्यांच्या घरी संगणक-अभियंता मुलगा वा सून आहे (आणि पिंपळे सौदागरात ते कोणाच्या घरी नाही!) त्यांना ते पंधरवड्यात शिकता येईल. ते नको असेल तर साध्या तक्त्याची तीन पाने पुरेत. पहिल्यावर कल्प आणि त्याचे घटक, दुसऱ्यावर घटक, त्याची वनस्पती, कुळ, वापरलेले अंग व संस्कार, तिसऱ्यावर रुग्ण आणि त्याला काय बाधले ते. औषधालयाच्या बिलप्रणालीत माल भरताना बॅच क्रमांक व मुदत आपण टंकतोच. अनुभूत कल्पांच्या वेष्टनावरील घटक एकदा भरण्यास प्रत्येकी दहा मिनिटे लागतील. आधी भल्लातक, कोष्ठ, अक्कलकरा, रास्ना, तीळतेल, मध असलेले कल्प घ्यावेत. सिरप-अवलेहांतील रंग व परिरक्षकेही विसरू नयेत, कारण पुष्कळदा बाधते ते वनस्पतीऐवजी हेच. उत्पादक बदलला की नोंद नव्याने करावी.

रुग्णाची नोंद करताना ‘अ‍ॅलर्जी : आहे’ एवढे लिहिणे व्यर्थ होय. कोणत्या औषधाने किंवा पदार्थाने, घेतल्यावर किती वेळाने, नेमके काय झाले, काय उपाय केल्यावर बरे वाटले, ते औषध पुन्हा कधी घेतले होते काय, हे सर्व रुग्णाच्याच शब्दांत उतरवावे. ‘सुजले’ आणि ‘खाजले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रुग्णाची माहिती साठविण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याचा संबंध छोट्या दवाखान्यासही येतो. ती माहिती रुग्णाच्या हाती छापील कार्डाच्या रूपानेही द्यावी, म्हणजे नदीपलीकडच्या रुग्णालयात ती त्याच्याबरोबर जाईल.

कितीही उत्तम प्रारूप असले तरी पहिली प्रतिक्रिया ते रोखू शकत नाही. जी बाधा पूर्वी झालीच नाही तिची नोंद कोठून येणार? म्हणून औषध दिल्यावर श्वास घरघरणे, ओठ-जीभ सुजणे, रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसताच मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, प्रौढास एकास हजार द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, आणि तत्काळ रुग्णालय, हा क्रम दवाखान्यातील प्रत्येकास पाठ असावा. अशा वेळी घृतपान वा लेप यांचा विचार नको.

प्रसंग निवळल्यावर संशयित प्रतिकूल परिणामाचा अहवाल पाठवावा. आयुष औषधांच्या दक्षता-कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात असून त्याच्या परिघीय केंद्रांमार्फत हा अर्ज पाठविता येतो. अर्जात कल्पाच्या नावासोबत उत्पादक, बॅच क्रमांक, अनुपान आणि त्याच काळात चालू असलेली इतर सर्व औषधे, आधुनिकसुद्धा, लिहावयाची असतात. यास्तव ज्या बाटलीने वा डबीने त्रास झाला ती फेकू नये, वेष्टनासह परत आणावी, असे रुग्णास औषध देतानाच सांगून ठेवावे.